तेमेनुगाची ओळखखूण

पंपघरात मी एक्केचाळीस वर्षं काढली, आणि तिथल्या सकाळचा क्रम इतका ठरलेला होता की डोळे मिटूनसुद्धा मी तो पार पाडला असता. आधी लोखंडी शेगडीत दोन लाकडं, मग लिंडनच्या फुलांचा चहा, मग दाबाच्या काट्याकडे एक नजर, आणि शेवटी दोन्ही पंपांच्या अंगावर तळहात ठेवून त्यांची थरथर तपासायची, गवळी गाईच्या कुशीवर हात ठेवतो तशी. शाळा मी सातवीपर्यंत केली. पण पंपाला खरंच ताप चढला आहे की नुसती थंडी वाजते आहे, हे मला हातानं कळतं, आणि ते शिकवणारी शाळा अजून कुणी काढलेली नाही.

पंपघरापासून चार किलोमीटर वर, बीच वृक्षांच्या रानाच्या कडेला टाकी आहे. गावाची वरची आळी त्या टाकीवर जगते. टाकीजवळच्या खोलीत तेमेनुगा बसायची. ती राजधानीत, सोफियाला, संगणकाचं शिक्षण घेऊन आलेली, आणि एवढी शिकलेली बाई या डोंगरात का राहिली असं लोक विचारायचे. मी कधी विचारलं नाही. सकाळी सात वाजता तिचा फोन यायचा. "आहात का तिथे, लाझार?" ती म्हणायची. "आहे," मी म्हणायचो. मग ती पाण्याची पातळी सांगायची, त्याप्रमाणे मी पंप सुरू करायचो किंवा थांबवायचो, आणि दिवसातून आठ-दहा वेळा हेच. एवढंच आमचं बोलणं. अकरा वर्षं ते चाललं.

मग एका वसंतात तिनं तो प्रोग्रॅम लिहिला. वरचं यंत्र तारेतून खालच्या यंत्राला विचारी, खालचं उत्तर देई, पातळी कळे आणि पंप आपला आपण सुरू होई, आपला आपण थांबे. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून पंपघरातला फोन वाजायचा थांबला.

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. दर फेब्रुवारीत, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, मी तिचं शोकपत्र छापून आणतो, फोटोसकट, आणि फाटकावर, बसथांब्यावर आणि पावाच्या दुकानापुढच्या झाडावर चिकटवतो. तिच्या भावाकडची माणसं त्यांचं वेगळं लावतात. माझ्या पत्राखाली 'सहकारी' एवढंच असतं.

या वर्षी ती पत्रं चिकटवून, बोटांची खळ पुसत मी आत आलो, तर एक मुलगी जमिनीवर मांडी घालून एका काळ्या पेटीला तारा जोडत होती. तिशीची असेल. डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडात माझ्याच डब्यातलं बिस्कीट.

"लाझारकाका ना? मी वेला, सोफियाहून आले. तुमच्या शेगडीशेजारी ही पेटी ठेवू?"

"तापेल ती."

"ती मुळातच तापट आहे, काका. कुणालाही आत सोडत नाही."

ती पेटी म्हणजे फायरवॉल. पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक ठिकाणी ती बसलीच पाहिजे असा वरून हुकूम होता, आणि आमचे मुख्य इंजिनिअर डोन्चेव साहेब हुकूम आला की दोन दिवस फार कडक असतात. वेलानं मला पडदा दाखवला. तारांमधून जे जे येतं-जातं त्याची एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे त्याचं नाव.

"हे टपाल. हा फाटकावरचा कॅमेरा. आणि हा बघा, तुमच्या साहेबांचा फुटबॉल."

"फुटबॉल?"

"दुपारी सामने बघतात. साळसूदपणे दुसऱ्याच दारानं आणतात, पण ही कुठल्या दारानं आलं ते बघत नाही. आलेला बोलतो कसा, त्यावरून ओळखते. पहिली दोन-चार वाक्यं ऐकली की झालं. हिच्याजवळ हजारो प्रोग्रॅमांच्या बोलण्याच्या खुणा आहेत."

मी हसलो. मग माझं लक्ष एका ओळीकडे गेलं. ती राखाडी होती, वरच्या टाकीकडून पंपघराकडे येणारी, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: अनोळखी.

"ते काहीतरी घरगुती आहे," वेला म्हणाली. "कुणीतरी स्वतः बनवलेला प्रोग्रॅम. हिच्या यादीत तो कसा असणार? शुक्रवारी दुपारी बारापासून जे जे अनोळखी ते बंद."

"अनोळखी नाही ती," मी म्हणालो. माझा आवाज कधी चढत नाही. तो चढलेला ऐकून मुलीनं मान वर केली. "वरच्या आळीत अठ्ठावीस वर्षं पोरांना आंघोळी घातल्या जातात, भाज्या धुतल्या जातात, त्या हिच्या जिवावर. तुझ्या पेटीला ती माहीत नसेल तर तो पेटीचा दोष."

वेलानं टोपी काढली आणि म्हणाली, "मग ओळख करून देऊ या, काका. तशी सोय आहे."

सोय अशी होती. आधी नुसतं ऐकायचं: तारेतून जे जाईल ते जसंच्या तसं पकडून ठेवायचं. मग त्यात दर वेळी अगदी सारखं काय येतं ते शोधायचं. ती झाली ओळखखूण. ती कमीत कमी सात अक्षरांची हवी, वेला म्हणाली, त्याहून लहान असली तर वाटेवरचा कुणीही तिच्यात बसतो. दोन तास तिनं ऐकलं. पडद्यावर उमटलं ते मात्र सगळं वेडंवाकडं, पेटीच्या तळाशी खिळे सांडावेत तसं.

"ही आजची अक्षरं नाहीत," ती पुटपुटली. "ते आपले जुने देशी संगणक होते ना, माझ्या जन्माच्या आधीचे, त्यांची मांडणी आहे. आज कुठलंच यंत्र असं लिहीत नाही." मग कुठूनसा तिनं जुना तक्ता शोधून काढला, अक्षरांना अक्षरं लावली, आणि मोठ्यानं वाचलं. "वरून येतं, 'आहेस का तिथे'. खालून जातं, 'आहे'. मग पातळीचा आकडा. पुन्हा एक मिनिटानं तेच. बापरे काका, अठ्ठावीस वर्षं, दर मिनिटाला!"

"काय येतं वरून?"

"आहेस का तिथे."

फोनवर ती मला शेवटपर्यंत तुम्ही म्हणायची. मी उठलो आणि शेगडीत एक लाकूड घातलं, शेगडी भरलेली होती तरी.

"खुणेला नाव काय देऊ?" वेलानं विचारलं.

"तेमेनुगा."

तिनं ते टाइप केलं. राखाडी ओळ हिरवी झाली आणि तिच्यापुढे ते नाव उभं राहिलं. गल्लीतल्या एखाद्या दारावर नवी पाटी लागावी तसं मला वाटलं.

"चला, आज बाईंचा नावदिवस झाला म्हणायचा," वेला हात झटकत म्हणाली. "आता आमंत्रणाची वाट न बघता सगळे येतील हं. पाव आणून ठेवा."

खरंच आमच्याकडे नावदिवसाला, म्हणजे आपल्या नावाच्या सणाला, कुणाला बोलवत नाहीत. दार उघडं असतं, ज्याला वाटेल तो येतो. माझा नावदिवस ईस्टरच्या आठवडाभर आधी, शनिवारी येतो आणि तेमेनुगाचा, तिचं नाव फुलाचं म्हणून सगळ्या फुलांच्या नावांबरोबर, लगेच दुसऱ्या दिवशी रविवारी. एका वर्षी मी फुलं घेऊन तिच्या फाटकापर्यंत गेलो होतो. आत माणसं होती, काटेचमच्यांचा आवाज येत होता, दार सताड उघडं होतं. मी फाटकाला हात लावून बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो. फुलं दुसऱ्या पंपावर ठेवली, उष्णतेनं ती दुपारपर्यंतच मान टाकून बसली.

हे सगळं मंगळवारचं. बुधवारी सकाळी वेला पडद्यापुढे बसली होती ती हललीच नाही.

"काका, फाटकावरच्या कॅमेऱ्यात तेमेनुगा आली."

मी धावत खिडकीशी गेलो. फाटकावर बर्फ आणि माझं चिकटवलेलं शोकपत्र, बाकी काही नव्हतं.

"तशी नव्हे हो! कॅमेऱ्याच्या बोलण्याला ही तेमेनुगा म्हणते आहे. एकच ओळ. माझीच चूक असेल, खूण सैल पडली असणार." तिनं खूण आवळली. संभाषणाच्या अगदी पहिल्या वाक्यातच ती आली तर धरायची, मध्ये कुठे आली तर नाही, असं तिनं पेटीला सांगितलं. दुपारी कचेरीतल्या छपाईयंत्रानं तेच केलं. पहिल्याच वाक्यात. वेलानं ते बोलणं पकडून, उलगडून बघितलं. तीच अक्षरं होती, तीच जुनी मांडणी.

"छपाईयंत्र गेल्या वर्षी आलंय," ती म्हणाली. "त्याला ही अक्षरं येतच नाहीत."

संध्याकाळी ती मोबाइलवर, पंपघराच्याच तारेतून, सोफियाला आईशी बोलली, आणि बोलणं संपल्यावर सवयीनं त्याची ओळ काढून बघितली. मी चहा ओतत होतो. तिनं पेला घेतला नाही.

"ही ऐकता ऐकता मत बदलते, ते मी सांगितलं ना तुम्हाला? सुरुवातीला एक नाव देते, पुढची वाक्यं ऐकून दुसरं. आत्ता आधी 'फोन' लिहिलंय. चौथ्या मिनिटाला 'तेमेनुगा'. मग परत 'फोन'."

"चौथ्या मिनिटाला काय झालं?"

"आवाज तुटला जरासा." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "आई म्हणाली, वेला, आहेस का तिथे?"

शेगडीत लाकूड तडकलं.

"पण काका, ते बोलणं कुलूपबंद असतं. हिला त्यातलं काही ऐकू येत नाही. खूणही मी फक्त पहिल्या वाक्यात धरायला सांगितलीय. आणि माणसाचा आवाज म्हणजे अक्षरं नव्हेत."

"अक्षरं नसतील ओळखत. विचारायची तऱ्हा ओळखत असेल."

"तऱ्हा वगैरे काही कळत नाही हिला!"

"मग तू कालपासून मला काय शिकवत होतीस, पोरी?"

गुरुवारी ओळी वाढत गेल्या. हिशेबनीस बाईंचा संगणक, पाण्याची मीटरं मोजणारी पेटी, भिंतीवरचं घड्याळसुद्धा, कारण तेही हल्ली तारेवर चालतं म्हणे. आपापलं बोलता बोलता प्रत्येक जण क्षणभर थांबे, तो एक प्रश्न विचारी आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. उत्तर कुणालाच मिळत नव्हतं, कारण ते देणं फक्त खालच्या यंत्राला येत होतं आणि ते वरच्या यंत्राखेरीज कुणाला देत नव्हतं. वेलानं बोटानं मला शेवटचा रकाना दाखवला. प्रश्न कुणाकडे निघाला आहे ते त्यात असतं. सगळ्या ओळींत एकच पत्ता होता, आणि तो पंपघराचा होता.

"काका, एक विचारू? रागावू नका. हे तुम्ही तर नाही ना करत?"

"मला सही करता येते आणि शोकपत्राचा मजकूर लिहिता येतो," मी म्हणालो. "तुझ्या पेटीत शिरायला तेवढं पुरतं का?"

ती कसनुशी हसली. पण त्या दुपारपासून ती खुर्ची अशी फिरवून बसू लागली, की पडद्याबरोबर मीही तिला दिसावा.

शुक्रवारी अकरा वाजता डोन्चेव साहेब बुटांचं बर्फ झाडत आले. "काय वेलाबाई, माझ्या फुटबॉलमध्ये बाई शिरली म्हणे! आधीच आपला बचाव कच्चा, त्यात ही कुणाच्या बाजूनं खेळणार?" ते एकटेच हसले. मग त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या आणि त्यांचं हसू गेलं. "बंद करा. त्या नावापुढे परवानगी आहे ना? मनाई करा."

"मग वरची पातळी खाली कळणार नाही, साहेब," वेला म्हणाली.

"तुम्ही वर जाऊन डोळ्यांनी बघा आणि फोनवर सांगा. लाझार हातानं पंप चालवेल, त्याचा जन्म त्यातच गेला. महिनाभरात नवीन विकत घेऊ." त्यांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जुना प्रोग्रॅम कामाचा राहिलेला नाही, असं पंपचालक लिहून देतो, अशा मजकुराचा. "सही कर."

"नाही करत."

"लाझार, कागद सरकारी आहे. नाव लिहिता येतं ना तुला?"

"येतं. म्हणूनच नाही करत."

"अरे, मेलेल्या बाईच्या प्रोग्रॅमपायी नोकरी घालवशील? या वयात?"

मी उभा राहिलो. साहेबांपुढे मी एरवी टोपी हातात घेऊन उभा असतो. त्या दिवशी ती डोक्यावरच राहिली. "साहेब, तिनं अठ्ठावीस वर्षं दर मिनिटाला विचारलं, की मी आहे का. तुम्ही एकदा तरी विचारलंत? प्रोग्रॅम चुकला असेल तर दाखवा. एक दिवस पाणी कमी पडलं असेल, एक दिवस टाकी वाहिली असेल, तर दाखवा. मी सही करतो. नाहीतर तो कागद खिशात घाला."

"खूण माझी आहे, साहेब," वेला हळूच म्हणाली, "चूक तिच्यात असेल. प्रोग्रॅमात नाही. मीही मनाई करणार नाही."

साहेबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग वेलाला बाजूला सारून ते स्वतः खुर्चीवर बसले, आणि बरोबर बारा वाजता, एका बोटानं, त्यांनी ते केलं. तेमेनुगाचं नाव सगळ्या ओळींत लाल झालं. मग ओळी यायच्याच थांबल्या. कागद तसाच सहीशिवाय टाकून साहेब जेवायला गेले. जाताना वेलाला म्हणाले, वरच्या यंत्राची तारही काढून टाका.

वेला गाडी घेऊन वर गेली. मी पंपाच्या बटणापासून चार हात लांब, फोनजवळ, बाकावर बसलो. पंप चालू होता. एवढ्या वर्षांनी तो फोन वाजणार होता. वेला वर पोचेपर्यंत पातळी सांगणारं कुणी नव्हतं. वेळेवर थांबवला नाही तर टाकी वाहून वरच्या रस्त्यावर बर्फाची लादी होईल, हे मला दिसत होतं.

मी बसलेला असतानाच पंप थांबला. धापा टाकत नाही, वीज गेल्यावर थांबतो तसा नाही. रोज थांबतो तसा, नीट. त्यानंतर दहा-बारा सेकंदांनी फोन वाजला.

"काका, भरली! अगदी काठोकाठ. बंद करा पटकन!"

"झालाय बंद."

"बरं झालं. वेळेवर केलात."

"मी नाही केला."

पलीकडे वारा ऐकू येत होता. "काका, यंत्राची तार माझ्या हातात आहे," वेला अगदी सावकाश म्हणाली. "मी येऊन आधी तीच काढली."

डोन्चेव साहेब म्हणाले, म्हाताऱ्यानंच दाबलं असणार. मी वाद घातला नाही. त्या रात्रीत आणि शनिवारच्या सकाळी पंप नऊ वेळा सुरू झाला आणि नऊ वेळा थांबला, आणि वेलाच्या जागी वर बसवलेल्या माणसानं दर वेळी फोन करून जे सांगितलं ते आधीच झालेलं होतं. पडदा स्वच्छ होता. पेटीला काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी वरच्या आळीतून तक्रार आली. पाणी कमी नव्हतं, गढूळ नव्हतं. पण एका बाईनं म्हटलं, तुम्हीच येऊन बघा, मला सांगता येत नाही. वेला आणि मी गेलो. आळीच्या मधोमध दगडी नळकोंडाळं आहे, त्याच्या भोवती गुडघाभर बर्फ होतं, आणि पाच-सहा बाया रिकाम्या बादल्या घेऊन जरा लांब उभ्या होत्या. या दिवसांत तिथलं पाणी दातांना झिणझिण्या आणतं. मी हातमोजे काढले आणि धारेखाली ओंजळ धरली.

पाणी कोमट होतं. तापवलेलं नव्हे, कुणीतरी बराच वेळ तळहातांत धरून ठेवावं तसं.

"पिऊ नका, काका," वेला म्हणाली.

मी प्यायलो, आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.